फळीवरचा गवई

हौसेला मोल नसते म्हणतात. तोल मात्र असावा लागतो, ही पुस्ती मी पदरची जोडतो. कारण ज्या हौसेविषयी आज लिहायचे योजिले आहे, तिच्यात मोल फार लवकर चढते आणि तोल त्याहूनही लवकर जातो. ही हौस म्हणजे घरातल्या छोट्या स्पीकरची पेटी उघडून, तिच्यातील तारा, कपॅसिटर, कापूस, प्रसंगी पडदासुद्धा बदलून तिचा आवाज सुधारण्याची. पुस्तकांच्या फळीवर मावेल एवढी ही पेटी असते, म्हणून तिला बुकशेल्फ स्पीकर असे नाव पडले. गंमत अशी की, ज्या घरात ही हौस शिरते त्या घरात पुस्तकांना फळी उरत नाही.

पतंगाच्या मांजावरून आणि शेव-उसळीच्या तिखटावरून तासन् तास वाद घालणारे आमचे बडोदे. येथे दांडिया बाजारापासून अलकापुरीपर्यंत या हौसेची माणसे विखुरलेली आहेत. कोणी बँकेतून निवृत्त झालेले, कोणी कारखान्यात फिटर, कोणी अजून कॉलेजात शिकणारा. एकमेकांच्या घरी जातात, चहा घेतात आणि यजमानाच्या स्पीकरला नावे ठेवून परत येतात. मी या मंडळींत जरा उपराच. व्यवसायाने मी गाण्याचा शिक्षक. वडील बडोदे दरबारच्या कलावंत कारखान्यात होते. १९४५ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ते नोकरीस लागले आणि १९४९ च्या मे महिन्यात संस्थान विलीन झाले. म्हणजे दरबारी गवई ते पुरती चार वर्षे. पण त्या चार वर्षांत जे कानी पडले त्याच्यावर त्यांनी पुढची पंचावन्न वर्षे काढली. विजेच्या शास्त्राशी आमच्या घराण्याचा संबंध बिल भरण्यापुरताच. तरीही मी या पेटीच्या मागे लागलो, त्याला कारण माझे विद्यार्थी.

पूर्वी शिष्य गुरूसमोर बसून शिकत असे. आजही बसतो, पण आठवड्यातून दोन तास. उरलेल्या दिवसांत त्याचा गुरू म्हणजे यंत्र. जुन्या तबकड्या, नभोवाणीवरची गाणी, मोठमोठ्या मैफली, सारे त्याला घरबसल्या मिळते. हे त्याचे भाग्यच. आमच्या वडिलांना एक चीज मिळवायला सहा महिने पाय चेपावे लागले होते. परंतु ते गाणे ज्या पेटीतून बाहेर येते त्या पेटीलाही स्वतःचा एक गळा असतो, ही गोष्ट कोणी ध्यानात घेत नाही. माझ्या एका शिष्येचा आवाज दोन-तीन महिन्यांत जड आणि दाबलेला येऊ लागला. चौकशी करता कळले की, घरी ज्या पेटीवर ती थोर गायिकांचे गाणे ऐकत होती, ती पेटी खालच्या स्वरांना भलताच फुगवटा देत होती. पोरगी इमानेइतबारे त्या फुगवट्याची नक्कल करीत होती. म्हणजे ती गायिकेकडून शिकत नव्हती, लाकडाकडून शिकत होती!

पेटीचा पूर्ववृत्तांत

आज आपण ज्याला स्पीकर म्हणतो त्याचे बीज १९२५ सालचे. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघांनी त्या वर्षी हलत्या वेटोळ्याचा स्पीकर जगापुढे मांडला. लोहचुंबकाच्या फटीत तारेचे हलके वेटोळे, आणि त्याला चिकटवलेला शंकूच्या आकाराचा कागदी पडदा. वेटोळ्यातून गाण्याचा विद्युत्प्रवाह गेला की ते पुढेमागे हलते, पडदा हलतो, हवा हलते आणि आपण वाहवा म्हणतो. शंभर वर्षे लोटली. तत्त्व तेच आहे.

अडचण निराळीच होती. पडदा पुढे सरकतो तेव्हा त्याच्या पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. या दोन लहरी एकत्र आल्या की खालचे स्वर परस्परांना खाऊन टाकतात. म्हणून मागचा आवाज पेटीत कोंडावा लागतो. पण लहान पेटीत कोंडलेली हवा पडद्याला हलू देत नाही, आणि मोठी पेटी करावी तर ती धान्याच्या कोठीएवढी होते. १९५४ साली एडगर व्हिल्चर या अमेरिकन गृहस्थाने ही अडचणच कामाला लावली. पडदा मुद्दाम सैल टांगायचा आणि पेटीतल्या कोंडलेल्या हवेलाच त्याची स्प्रिंग करायची, ही त्याची युक्ती. त्याच्या ‘एआर-१’ या पेटीने फळीवर बसून खर्ज गायला सुरुवात केली. मोबदला एवढाच की, अशा पेटीला तितक्याच आवाजासाठी अधिक शक्तीचा अॅम्प्लिफायर लागतो.

पुढे १९६१ साली ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी भोकाच्या, म्हणजे हवेला वाट ठेवलेल्या पेटीचे गणित मांडले, आणि १९७० नंतर रिचर्ड स्मॉल यांनी ते पुढे नेले. तोवर हे काम बरेचसे अंदाजपंचे चाले. कोणत्या पडद्याला किती लिटरची पेटी हवी आणि भोक केवढे हवे, हे त्यानंतर कागदावर काढता येऊ लागले. आज घरी बसून पेटी दुरुस्त करणारा कोणीही हौशी या दोघांचा ऋणी आहे, मग त्याला त्यांची नावे ठाऊक असोत वा नसोत.

व्हॅनमधला परीक्षक

या छोट्या पेट्यांच्या कुळात जिला मी घराण्याची मूळ पुरुष मानतो, ती ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनची ‘एलएस ३/५ ए’. बाहेरगावचे कार्यक्रम ध्वनिक्षेपित करायला नभोवाणीची जी व्हॅन जाते, तिच्यात बसलेल्या माणसाला बोलणाऱ्याचा आवाज ठीक येतो आहे की नाही हे पारखायला एक छोटा स्पीकर हवा होता. १९७० च्या सुमाराच्या काळात तेथील संशोधन विभागाने हे काम हाती घेतले. उंची साडेतीस सेंटीमीटर, रुंदी एकोणीस, खोली सोळा. देवघरातला मध्यम आकाराचा फोटो मावेल एवढीच पेटी! हार्वुड, व्हॉटन आणि मिल्स या तिघांनी तिच्या रचनेवर लिहिलेला अहवाल १९७६ साली प्रसिद्ध झाला.

या पेटीच्या नावाच्या शेवटी जो ‘ए’ आहे, त्याची कथा प्रत्येक हौशी माणसाने गाठीला बांधण्यासारखी आहे. पहिली रचना नुसती ‘३/५’ होती आणि ती उत्तम चालत होती. पुढे आणखी पेट्या करायचे ठरले, तेव्हा असे आढळले की पडदे पुरवणाऱ्या कारखान्याच्या मालात मधल्या काळात फरक पडला आहे. नाव तेच, आकार तोच, पण आवाज जुन्या रचनेत बसेना. त्या संशोधकांनी काय केले? पडदे तसेच बसवून वेळ मारून नेली नाही. क्रॉसओव्हर नव्याने बांधला, सारी मापे पुन्हा घेतली आणि मगच त्या पेटीला ‘ए’ हे अक्षर लावले. पडदा आणि क्रॉसओव्हर हे नवरा-बायकोसारखे असतात. एकाला बदलून दुसऱ्याला ‘तू आहेस तसाच राहा’ म्हणता येत नाही.

दुसरी ध्यानात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे तिची लाकडे. चांगली पेटी म्हणजे जाडजूड पेटी असा आपला समज. येथे बर्च लाकडाचा पातळ प्लायवुड घेतला आणि आतून त्याला डांबरी पट्टे चिकटवले. हेतू असा की, लाकूड थरथरलेच तर ती थरथर डांबरात विरून जावी. उंच स्वरांच्या छोट्या घुमटाभोवती जाड नमद्याची चौकट बसवली, कारण पेटीच्या कडांवर आपटून परत येणारा आवाज मूळ आवाजात मिसळत होता. यांतील एकही वस्तू महागडी नाही. सगळी करामत ऐकण्यात आहे. त्या विभागाची रीत अशी होती की, स्टुडिओत प्रत्यक्ष माणूस बोलतो आहे आणि शेजारच्या खोलीत त्याचाच आवाज स्पीकरमधून येतो आहे. संशोधकाने या खोलीतून त्या खोलीत जायचे आणि दोन्ही आवाज ताडून पाहायचे. कसोटीला माणसाचा जिवंत आवाज! हे वाचले तेव्हा मला वाटले, अरे, ही तर तालीमच झाली.

आमच्या पेटीची शस्त्रक्रिया

माझ्याकडे जी जोडी आहे ती वीस वर्षांपूर्वीची, एका परदेशी कंपनीची. नाव सांगण्यात हशील नाही. साडेपाच इंची मोठा पडदा, एक इंची रेशमी घुमट, मागे भोक. आवाज कसा? नाकात, पातळ आणि ‘स’कारावर शिट्टी मारणारा. शेजारचे एक निवृत्त इंजिनियर काका या हौसेतले जुने. त्यांनी आधी पेटीवर बोटाने टकटक केले, जसे आपण भोपळा घेताना करतो. बाजूच्या फळ्या ‘ठण्ण’ बोलल्या. मग आठ स्क्रू काढून पडदा बाहेर घेतला. आत चार बोटे स्पंज, आणि क्रॉसओव्हर म्हणून एकुलता एक कपॅसिटर!

येथे क्रॉसओव्हर म्हणजे काय ते सांगणे अवश्य आहे. मोठा पडदा खालचे स्वर गातो, छोटा घुमट वरचे. कोणी कोठपर्यंत गायचे याची वाटणी क्रॉसओव्हर करतो. बहुतेक छोट्या पेट्यांत ती दोन ते साडेतीन हजार हर्ट्झच्या दरम्यान होते. गायकाचे मूळ स्वर याच्या पुष्कळ खाली असतात. पण व्यंजने, आवाजाची धार, सारंगीच्या गजाचा घर्षणनाद हे सारे नेमके या वाटणीच्या आसपास वस्तीला असते. जुगलबंदीत एकाने तान सोडली आणि दुसऱ्याने उचलली, तो सांधा दिसला की मजा गेली, तसेच येथे. आमच्या पेटीत कंपनीने काटकसर करून फक्त घुमटाला कपॅसिटर लावला होता, आणि मोठ्या पडद्याला मोकळे सोडले होते. तो आपला झेपेल तेथवर, आणि न झेपेल तेथेही, ओरडत होता.

काकांनी संगणकाला मापनाचा मायक्रोफोन जोडला आणि पेटीतून वीस हर्ट्झपासून वीस हजारांपर्यंत एक स्वर सरकवत नेला. दहा सप्तकांची एक अखंड मींडच ती! ती मींड कोठे फुगते, कोठे खचते याचा आलेख पडद्यावर उमटला. साडेचार हजारांच्या आसपास डोंगर होता. तीच ती शिट्टी. आणि पाचशेच्या खाली उतार होता.

या उताराचे कारण मोठे मनोरंजक आहे. आमच्या पेटीचे तोंड वीस सेंटीमीटर रुंद. साधारण पावणेसहाशे हर्ट्झच्या वरचे, म्हणजे काळी एकच्या पुरुषी षड्जाहून दोन सप्तके वरचे स्वर त्या तोंडावरून पुढे फेकले जातात. त्याच्या खालचे स्वर पेटीला वळसा घालून चोहोकडे पसरतात आणि ऐकणाऱ्याच्या वाट्याला कमी येतात. मोकळ्या जागेत ही तूट सहा डेसिबलपर्यंत जाते. ती भरून काढली नाही तर आवाजाची छाती जाते आणि नाक उरते. उपाय म्हणजे मोठ्या पडद्याच्या वाटेत तांब्याच्या तारेचे पुरेसे मोठे वेटोळे घालणे, म्हणजे वरच्या स्वरांना थोडा लगाम बसतो आणि खालचे त्यांच्या बरोबरीला येतात. आम्ही सुमारे सव्वा मिलिहेन्रीचे वेटोळे आणि त्याच्या जोडीला कपॅसिटर घातला. घुमट आता तुलनेने तिखट वाटू लागला, तेव्हा त्याच्यापुढे दोन ओहमचा रोध घातला. आठ ओहमच्या घुमटाला त्याने सुमारे दोन डेसिबल खाली आणले. फळ्यांना आतून मोटारीच्या पत्र्याला लावतात तसले डांबरी पट्टे चिकटवले, समोरासमोरच्या दोन फळ्यांमध्ये एक दांडका ठोकून बसवला आणि उशीत भरतात तो पॉलिएस्टरचा कापूस विरळ भरला. दोन्ही पेट्यांचा मिळून खर्च दीड हजार रुपयांच्या आत.

एक पथ्य मात्र काकांनी पहिल्या दिवसापासून पाळायला लावले. दोन पेट्यांपैकी एकीलाच हात लावायचा. दुसरी जशीच्या तशी ठेवायची. दोन्ही शेजारी ठेवून एकच गाणे आळीपाळीने ऐकायचे. आणि एका वेळी एकच बदल. तंबोऱ्याची जवारी लावणारा कारागीर असेच करतो. घोडीवर कानशीचा एक हलका हात, मग तार छेडून ऐकणे, मग दुसरा हात. एकदम चार हात मारणाऱ्याच्या हाती हाडाचा भुगा तेवढा येतो.

महाग कपॅसिटरची स्वस्त कथा

या हौसेत सर्वांत जास्त पैसा जातो तो कपॅसिटरांवर. जुन्या पेट्यांतील इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर काळाने सुकतात, त्यांचे मूल्य ढळते, आणि आमच्याकडचा मे महिना या कामाला हातभार लावतो. ते बदलणे रास्तच आहे. पॉलिप्रॉपिलीनचे फिल्म कपॅसिटर टिकाऊ असतात, तेही खरे. परंतु ते बसवताच ‘आवाज उजळला, पडदा दूर झाला’ असे जे उद्गार निघतात, त्यांत एक खोच आहे. जुन्या कपॅसिटरमध्ये स्वतःचा थोडा रोध असतो आणि मूळ रचनाकाराने तो हिशेबात धरलेला असतो. नव्यात तो जवळजवळ शून्य. तो रोध गेला की घुमट किंचित मोठ्याने बोलू लागतो. उजळपणा कपॅसिटरच्या किमतीतून आलेला नसतो, गेलेल्या रोधातून आलेला असतो. अर्ध्या-एक ओहमचा काही रुपयांचा रोध जोडला की जुना तोल परत येतो, आणि दहापट किमतीच्या कपॅसिटरचे तेज मावळते. दोन आवाजांतला किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो, हे कोणत्याही मैफलीच्या व्यवस्थापकाला ठाऊक आहे.

म्हणून तुलना करताना दोन्ही पेट्यांचा आवाज समान करून घ्यावा, आणि कोणती पेटी वाजते आहे हे ऐकणाऱ्याला सांगू नये. आमच्या मंडळीत या परीक्षेनंतर दोन स्नेह्यांत आठवडाभर अबोला होता!

एका गोष्टीत मात्र टाळाटाळ नको. पडद्याच्या कडेला फोमची जी वळी असते, ती दमट हवेत दहा-वीस वर्षांत भुसभुशीत होते. दोन-चार पावसाळ्यांत बोट लावताच गळून पडते. रबरी कड त्यामानाने पुष्कळ टिकते. फोम गेला असेल तर तशाच मऊपणाची नवी कड लावून घ्यावी. हाताला येईल ते जाड रबर किंवा कापड चिकटवले की पडद्याचा मूळ स्वभाव बदलतो आणि पेटीचे सगळे गणित चुकते. आणखी एक सावधगिरी: ज्या पेटीच्या पोटातच अॅम्प्लिफायर असतो आणि जिची तार थेट घरच्या विजेला जोडतात, तिला नवशिक्याने उघडू नये. प्लग काढल्यावरही आत धक्का देण्याइतकी वीज शिल्लक राहू शकते.

आईचा निवाडा

एवढे सारे झाल्यावर प्रश्न उरतो तो हा, की पेटी सुधारली हे ठरवायचे कशावरून? ‘छान वाटते’ हे उत्तर नव्हे. माझ्या त्या शिष्येला फुगवटाही छानच वाटत होता.

आम्ही दोन कसोट्या लावल्या. पहिली तंबोऱ्याची. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली आपल्या तंतुवाद्यांवर जो निबंध लिहिला, त्यात जवारीमुळे तारेतून उपस्वरांची केवढी समृद्ध रांग निघते हे दाखवले आहे. काळी एकच्या तंबोऱ्याचा खर्ज एकोणसत्तर हर्ट्झच्या जवळ. छोट्या पेटीला तो मूळ स्वर पेलत नाही. तरी आपल्याला खर्ज ऐकू येतो, कारण त्याचे उपस्वर नीट पोचले की कान मूळ स्वर आपणच भरून घेतो. मात्र त्या रांगेतला एखादा उपस्वर पेटीने फुगवला की तंबोरा घुमण्याऐवजी ठणकतो. घरचा तंबोरा ध्वनिमुद्रित केला, मग तोच तंबोरा शेजारी छेडत पेटी ऐकली. दुरुस्तीपूर्वी दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक होता. नंतर तंबोरा तंबोऱ्यासारखा आला. भोपळा थोडा लहान, एवढेच.

दुसरी कसोटी वडिलांची. १९७१ साली कोणा स्नेह्याने आमच्या घरी टेपयंत्र आणले होते, त्यावर वडिलांचा पूरिया आहे, चाळीस मिनिटांचा. त्यांच्या आवाजाची एवढीच खूण उरली आहे. जुन्या पेटीवर हा पूरिया लागला की आई उठून आत जाई. एकदा म्हणाली, “हा ह्यांचा आवाज नव्हे.” वडिलांना तबकड्यांविषयी असेच वाटे. फैयाज खां साहेबांना त्यांनी दरबारात जवळून ऐकले होते. खां साहेबांच्या तबकड्या ते आदराने ऐकत, पण म्हणत, “तबकडीत खां साहेब दिसतात, भेटत नाहीत.”

दुरुस्त केलेली जोडी लावली तेव्हा वडिलांचा मंद्र निषाद छातीतून आला. मधेच झोपाळ्याची कडी कुरकुरली, ती इतक्या वर्षांत मी कधी ऐकलीच नव्हती. तरीही आवाजात थोडे नाक उरले होते. काकांचे म्हणणे, हजार हर्ट्झच्या आसपास आणखी एक छाटणी करू, तेही जाईल. गोष्ट दोन सुट्या भागांची आणि एका संध्याकाळची होती. मी म्हटले, आधी आईला ऐकवू.

आई पूर्ण आलाप होईस्तोवर बसली. मग म्हणाली, “ह्यांना तेव्हा पडसं झालं होतं. मी नको म्हणत होते, पण तो गृहस्थ मशीन घेऊन आलेला. आलं-गूळ खाऊन गायला बसले.”

काका क्षणभर गप्प राहिले, आणि त्यांनी ती छाटणी रद्द केली. आम्ही ताळाही पाहिला. माझ्या एका विद्यार्थ्याला समोर बसवून गायला लावले, ते ध्वनिमुद्रित केले, आणि त्याला शेजारी उभा करून तेच पेटीवर लावले. त्याच्या आवाजात नाक नव्हते, पेटीच्या आवाजातही नव्हते. म्हणजे उरलेले नाक पेटीचे नव्हते. ते १९७१ सालच्या त्या संध्याकाळचे होते. यंत्राचा दोष काढायचा आणि गायकाचा ठेवायचा, एवढेच या हौसेचे शास्त्र. एक छाटणी अधिक झाली असती तर वडिलांचे पडसे बरे झाले असते, पण त्यापुढे प्रत्येक धडधाकट गायकाच्या आवाजातले थोडे काहीतरी कापले गेले असते.

फुकटची सुधारणा

वाचकांपैकी पुष्कळांना पेटी उघडण्याचे धाडस होणार नाही, आणि व्हावे असा माझा आग्रहही नाही. स्क्रू-ड्रायव्हर न उचलता जे करता येते तेच बहुधा सर्वांत फळ देते. पेटी भिंतीला टेकवून ठेवली की खालचे स्वर फुगतात, कोपऱ्यात ठेवली तर दुप्पट. ती हात-दीड हात पुढे ओढावी आणि ऐकावे. घुमट बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर यावा. पेटी जमिनीवर ठेवून गाणे ऐकणे म्हणजे गवयाला पलंगाखाली बसवणे होय. दोन पेट्या आणि ऐकणारा मिळून समभुज त्रिकोण साधावा. फरशी उघडी असेल तर पुढे सतरंजी अंथरावी, कारण फरशीवरून उसळून येणारा आवाज शब्दांची धार बोथट करतो. आपल्या जुन्या घरांतल्या गाद्या, लोड आणि पडदे हे काम न सांगता करीत असत. आणि पेटी फळीवरच ठेवणे भाग असेल तर तिच्या आजूबाजूला पुस्तके ठेवावीत. पुस्तके आवाज विखरून टाकतात. शिवाय अधूनमधून वाचताही येतात.

माझ्या वर्गात आता एक नियम आहे. कोणत्याही थोर गायकाचे गाणे नक्कल करायला घेण्याआधी विद्यार्थ्याने आपल्या घरच्या पेटीवर स्वतःचा आवाज ऐकवायचा, आणि घरातल्या दोन माणसांना विचारायचे, “हा मीच का?” घरच्यांनी मान हलवली तर ती पेटी शिकायच्या लायकीची. नाही म्हणाले तर आधी पेटीची जागा बदलायची, मग पेटीच्या पोटाचा विचार करायचा. त्या शिष्येची पेटी कोपऱ्यातून दोन हात पुढे आली, एवढ्यावर भागले. तिचा आवाज मोकळा व्हायला मात्र चार महिने लागले. पेटी दोन मिनिटांत हलवता येते. गळ्यात बसलेली खोटी सवय हलवायला रोज पहाटे तंबोरा घेऊन बसावे लागते.